अकरा झाडांची नोटीस: नागपूरच्या एका ले-आउटमधलं नेतृत्व

पर्यावरणाचं काम करणाऱ्या तरुणांच्या शिबिरांत मी हे प्रकरण चर्चेला ठेवते. ते एकाच वस्तीचं हुबेहूब वर्णन नाही. नागपुरात ठिकठिकाणी जे घडत आलं आहे, त्याची एका ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, केलेली ही जुळणी आहे, म्हणून माणसांची आणि यंत्रणेची नावं यात नाहीत. पूर, कायदा आणि झाडांचं शास्त्र मात्र जसं आहे तसंच ठेवलं आहे.

पूर आणि नोटीस

पश्चिम नागपुरातला हा जुना ले-आउट उतारावर आहे. वरच्या गल्लीत बंगले आणि नव्याने उभे राहिलेले फ्लॅट. खालच्या गल्लीत बैठी घरं, भाड्याने राहणारे विद्यार्थी, किराणा दुकानं आणि एक मेस. दोन्ही गल्ल्यांना जोडणाऱ्या मुख्य रस्त्याच्या कडेने कडुनिंब, शिरीष, करंज आणि सोनमोहर. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, पारा ४७ अंशांकडे जातो तेव्हा दुपारी दोन वाजता या रस्त्याने चालता येतं, ते या झाडांमुळेच.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे शहरात चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. १८७० साली बांधलेला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, माणसं दगावली, हजारो घरांत पाणी भरलं. ले-आउटच्या खालच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. फ्रिज, गाद्या, पोरांची वह्या-पुस्तकं गेली. शिवणकाम करणाऱ्या एका ताईंची मशीन आणि लग्नसराईसाठी आलेली गिऱ्हाइकांची कापडं चिखलात गेली. त्यांना ती भरून द्यावी लागली.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर रस्त्याचं काम मंजूर झालं. सिमेंट रोड होणार, दोन्ही बाजूंना पावसाळी नाली होणार. खालच्या गल्लीला हायसं वाटलं. मग एका सकाळी अकरा झाडांच्या बुंध्यांवर नोटिसा दिसल्या. हरकती घ्यायला मुदत सात दिवस.

महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. वृक्ष अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पाहणी करायची, वर्तमानपत्रात सूचना द्यायची आणि त्या झाडावरही नोटीस लावायची, असं कायदा सांगतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आला आणि तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावण्याचा नियम आला. कागदावर हे सगळं भक्कम आहे. पण हरकत घेणाऱ्याला त्या सात दिवसांत काय लिहायचं ते ठाऊक नसेल, तर या भक्कमपणाचा त्याला उपयोग नसतो.

एरवी अशा वेळी लोक नगरसेवकाकडे धावतात. मार्च २०२२ पासून महापालिकेत नगरसेवक नव्हते, कारभार प्रशासकांकडे होता. म्हणजे मधला माणूसच नव्हता. जे करायचं ते रहिवाशांनाच करायचं होतं.

देवळाच्या ओट्यावरची बैठक

त्याच संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बैठक झाली. वरच्या गल्लीतले लोक फलक रंगवून आले होते. त्यांच्यातला एक तरुण वकील चांगला बोलला. एकही फांदी तोडू देणार नाही, गरज पडली तर जेसीबीसमोर आडवे होऊ, असं म्हणाला. टाळ्या पडल्या. मग शिवणकामवाल्या ताई उठल्या. "तुम्हाले झाडं दिसून राहिले. आमच्या घरात पाणी घुसलं, तवा कोणी फलक नाही आणला." एवढं बोलून त्या निघाल्या आणि त्यांच्यामागे जवळपास सगळी खालची गल्ली उठून गेली.

शिबिरात इथे थांबून मी विचारते, या बैठकीत पुढारी कोण होता? बहुतेक जण वकिलाचं नाव घेतात. त्याची तळमळ खरी होती, अभ्यासही होता. दिल्लीतल्या झाडांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं सिमेंट काढायला सांगितलं होतं, हे त्या ओट्यावर फक्त त्यालाच माहीत होतं. पण बैठक संपली तेव्हा निम्मी वस्ती झाडांच्या विरोधात गेली होती. आदल्या दिवशी ती विरोधात नव्हती.

मेस चालवणाऱ्या काकू त्या बैठकीत काहीच बोलल्या नाहीत. काकूंचे डबे दोन्ही गल्ल्यांत जातात. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण रात्रपाळीला आहे, कोणाचं कोणाशी वाकडं आहे, हे त्यांना कळत असतं. पुराच्या आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरातही पाणी होतं. तरी शेजारच्या गच्चीवर गॅस चढवून त्यांनी खालच्या गल्लीला खिचडी पुरवली होती. त्याचे पैसे मागितले नव्हते आणि ते बोलूनही दाखवले नव्हते. झाडांचा प्रश्न आला तेव्हा त्यांचा शब्द दोन्हीकडे ऐकला गेला, तो या आधीच्या वागण्यामुळे. पर्यावरणाच्या कामात उतरणारे पुष्कळ जण प्रश्न उभा राहिल्यावर वस्तीत ओळखी काढायला लागतात. तोवर फार उशीर झालेला असतो.

सात दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे पोचवून काकू झोन ऑफिसात गेल्या, बरोबर वकिलाला घेऊन. माहितीच्या अधिकारात अर्ज केला असता तर उत्तराला तीस दिवसांची मुदत, आणि इथे हातात सहाच दिवस होते. म्हणून त्यांनी अर्ज न करता कनिष्ठ अभियंत्याला, म्हणजे सगळे ज्यांना जेई साहेब म्हणतात त्यांना, नालीचा नकाशा दाखवायची विनंती केली. वकिलाला बाचाबाची होईल असं वाटत होतं. जेई साहेबांनी नकाशा टेबलावर पसरला आणि मोबाइलवर फोटोही काढू दिला. त्या ऑफिसात येणारे लोक बहुधा ओरडायलाच येतात. नकाशा समजून घ्यायला कोणी येत नाही.

संध्याकाळी काकूंनी मेसमध्ये जेवायला येणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांना टेप घेऊन कामाला लावलं. भूमी अभिलेखातून निवृत्त झालेले एक काका नकाशा जमिनीवर उतरवून देऊ लागले. नववीतल्या एका मुलीला झाडं ओळखता येत होती, वही तिच्या हातात आली. प्रत्येक झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजायचा, कारण मोजणीची तीच रीत आहे. नालीच्या रेषेपासून बुंधा किती लांब आहे, खोड पोकळ आहे का, विजेच्या तारा कुठून जातात, फोटो कुठल्या बाजूने काढला, हे सगळं एका ओळीत. काकूंना यातलं काही येत नव्हतं. कोणाला काय येतं, ते त्यांना माहीत होतं.

मोजणीतून दोन गोष्टी निघाल्या. पहिली गोष्ट अशी की नोटिशीतल्या अकरा झाडांपैकी दोन आतून पोकळ झाली होती आणि तीन खरोखरच नालीच्या रेषेत होती. उरलेली सहा कशाच्याच आड येत नव्हती. नकाशात रस्त्याची रुंदी सरसकट एकच धरल्यामुळे ती यादीत आली होती.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. नोटीस नसलेली नऊ झाडं नालीच्या खोदकामाला अगदी लागून होती. झाडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या अर्ध्या मीटरच्या मातीत असतात आणि फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरलेली असतात. बुंध्याच्या हातभर अंतरावरून जेसीबीने चर खणला तर त्या बाजूची आधाराची मुळंही तुटतात. झाड लगेच मरत नाही. दोन-तीन उन्हाळे तगतं, नाहीतर मृगाच्या आधीच्या वादळात उन्मळून पडतं, आणि लोक वाऱ्याला दोष देतात. तोडायच्या झाडांसाठी नोटीस निघते. खोदकामाने मारल्या जाणाऱ्या झाडांसाठी काहीच निघत नाही. फलक घेऊन आलेल्या मंडळींचं सगळं लक्ष अकरा झाडांवर होतं. या नऊ झाडांकडे कोणी पाहिलंही नव्हतं.

खालच्या गल्लीच्या भिंती

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय तिसऱ्या दिवशीचा. काकू शिवणकामवाल्या ताईंकडे गेल्या आणि झाडांचं नावही न काढता म्हणाल्या, "पाणी कुठून कसं आलं, ते मला दाखव बरं." पोरांनी ताईंच्या मागोमाग घरोघरी जाऊन पाण्याची खूण भिंतीवर खडूने आखली आणि प्रत्येक खूण रस्त्याच्या पातळीपासून मोजली.

त्या खुणांवरून कळलं की पाणी वाहून न्यायला नाली नव्हती हे खरं, पण रस्ताच घरांपेक्षा वर आला होता हेही तितकंच खरं. डांबराचे थर वर्षानुवर्षं एकमेकांवर चढत गेले होते. आता त्याच्यावर आणखी सिमेंट ओतलं तर जोती रस्त्याच्या खाली जाणार होती. नाली भरली की पाणी सरळ उंबऱ्यावर येणार. नागपुरात सिमेंट रोड झालेल्या कितीतरी वस्त्यांचं हेच गाऱ्हाणं आहे.

झाडांनाही तेच नको होतं. रस्ता वर आला की सिमेंट बुंध्यावर चढतं. खोडाचा जमिनीलगतचा भाग गाडला जातो आणि मुळांना हवा-पाणी मिळत नाही.

म्हणजे दोन्ही गल्ल्यांची मागणी एकच निघाली: जुना थर पूर्ण खणून काढा, पातळी घरांच्या जोत्याखाली ठेवा, मगच सिमेंट टाका. पाचव्या दिवशी पुन्हा ओट्यावर बैठक झाली तेव्हा ही मागणी ताईंनी मांडली. वकिलाने ती लिहून घेतली.

याला मी कौशल्य म्हणते, चांगुलपणा नव्हे. चांगुलपणा वरच्या गल्लीतही होता. दुसऱ्याच्या नुकसानीची मोजदाद आपल्याच वहीत, आपल्याच झाडांच्या शेजारच्या रकान्यात करायची, हे ज्याला सुचतं त्याला दोन गटांना एकत्र या म्हणून विनवावं लागत नाही. काकूंनी समजूत कोणाचीच काढली नाही. त्यांनी दोघांना एका कामाला लावलं.

चार झाडं सोडायची का?

हरकती वेळेत गेल्या. त्यात "झाडे तोडू नयेत" असा एकच सरसकट अर्ज नव्हता. प्रत्येक झाडाच्या क्रमांकासमोर वेगळं कारण, माप आणि फोटो होता, आणि नोटिशीबाहेरच्या नऊ झाडांसाठी हाताने खोदकाम करण्याची मागणी होती. वृक्ष अधिकारी पाहणीला आले तेव्हा वही घेऊन ती नववीतली मुलगी त्यांच्याबरोबर फिरली.

नालीच्या रेषेतल्या तीन झाडांबद्दल जेई साहेबांनी स्वतःहून सांगितलं की एका ठिकाणी रेषा वळवता येईल, एक चेंबर वाढेल एवढंच. उरलेल्या दोन ठिकाणी मागे गडर लाइन, म्हणजे सांडपाण्याची वाहिनी, आणि पुढे भिंत असल्याने जागाच नव्हती. ती दोन आणि पोकळ झालेली दोन, अशी चार झाडं जाणार होती.

वकील भडकला. "काकू, तुम्ही सौदा केला." तो तीन दिवस मेसकडे फिरकला नाही.

शिबिरांत सगळ्यात जास्त वाद इथे होतो, आणि तो व्हायलाच हवा. झाड सोडून द्यायचा अधिकार काकूंना कोणी दिला? काकूंनाही हा प्रश्न पडला होता. त्यांनी जेई साहेबांना लगेच हो म्हटलं नाही. त्या दोन्ही गल्ल्यांत घरोघरी फिरल्या आणि शेवटी ओट्यावर सगळ्यांसमोर विचारलं. हात वर करून मोजणी केली असती तर पाच मिनिटांत विषय मिटला असता. त्यांनी मोजणी करू दिली नाही. ज्यांना पटलं नव्हतं त्यांना पोकळ खोडावर ठोकून आवाज ऐकवला, भिंत आणि गडर यांतलं अंतर टेपने दाखवलं. एका आजोबांची अट होती की त्यांच्या घरासमोरचा शिरीष गेला तर त्याच फाटकासमोर झाड लागलं पाहिजे. ती अट लिहून घेतली गेली. दोन संध्याकाळी यात गेल्या.

विदर्भाला ही रीत नवी नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणत अभ्यासगट चालवले, निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतले, आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे विषय आधी अभ्यासगटात चर्चिला जातो आणि मग ग्रामसभेत निर्णयाला येतो. शहरातल्या लोकांना वाटतं की एवढा वेळ आपल्याकडे नाही. पण बहुमताने हरलेला माणूस घरी जाऊन गप्प बसत नाही. काम सुरू झालं की तोच पहिली तक्रार करतो, आणि तेव्हा कितीतरी जास्त वेळ जातो.

वकिलाकडे काकू स्वतः गेल्या. माफी मागितली नाही, समजूतही घातली नाही. परवानगीसोबत कोणत्या अटी मागायच्या, ते लिहून द्यायला सांगितलं. भरपाईची झाडं शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत न लावता जास्तीत जास्त याच ले-आउटमध्ये लागावीत, तारांखाली मोठी वाढणारी जात नसावी, कडुनिंब, करंज, बकुळ यांना प्राधान्य असावं, आणि बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी राहावी, तिथे गट्टू, म्हणजे सिमेंटचे फरशी-ठोकळे, बसवू नयेत. हे मुद्दे त्याच्याइतके नेमके कोणालाच लिहिता आले नसते. सौदा झाला हे त्याचं मत त्याने आजही बदललेलं नाही. तो परत आला तो काम दिसलं म्हणून.

कडुनिंबाची मुळं तुटली तो रविवार

काम एप्रिलच्या शेवटी सुरू झालं. मुकादम जाणता होता. झाडाजवळ आला की जेसीबी थांबवून सब्बल, म्हणजे पहार, हाती घ्यायला लावायचा. "जेसीबीले मूळ नाही समजत, हाताले समजते," हे त्याचं वाक्य पोरांच्या तोंडी बसलं. पहाऱ्याची पाळी लागली होती आणि पाळीचा कागद मेसच्या भिंतीवर होता.

मे महिन्यात पोरांच्या परीक्षा आल्या. त्याच सुमारास काकू भाचीच्या लग्नाला अमरावतीला गेल्या. रविवारी मुकादम सुट्टीवर होता. बदलीच्या माणसाने एका कडुनिंबाला लागून चर मशीननेच खणून घेतला. दोघा-तिघांनी ते गच्चीवरून पाहिलं. जेई साहेबांचा नंबर काकूंच्या फोनमध्ये होता, ठेकेदाराचाही. काकू लग्नाच्या मांडवात, फोन पर्समध्ये. ज्यांनी पाहिलं त्यांना वाटलं, काकू आल्या की बघतील.

जूनच्या सुरुवातीच्या वादळात तो कडुनिंब मुळांसकट पडला. एका घराची कुंपणभिंत आणि दोन स्कूटर त्याखाली गेल्या. माणूस कोणी नव्हतं.

आतापर्यंत काकूंचं कौतुक करणारे प्रशिक्षणार्थी इथे अडखळतात. काही जण दोष बदलीच्या माणसाला देतात, काही परीक्षेला. मला वाटतं, इथे काकूंच्या नेतृत्वातली उणीव उघड दिसते. मोजणीचं काम त्यांनी वाटून दिलं होतं, निर्णयाचं वाटलं नव्हतं. प्रत्येक फोन त्यांच्याकडून जायचा, प्रत्येक भांडण त्यांच्याकडे यायचं. लोकांनाही त्याची सवय झाली होती, कारण काकू कधी चिडत नसत आणि काम होत असे. ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास असतो त्याच्याभोवती इतरांची जबाबदारी हळूहळू सैल पडते. हे त्या माणसाच्या गुणांमुळेच घडतं, म्हणून ते वेळेत ओळखणं फार अवघड असतं.

अमरावतीहून आल्यावर काकूंनी ओट्यावर लोकांना बोलावलं आणि सगळे नंबर मोठ्या अक्षरांत लिहून पाळीच्या कागदाशेजारी लावले. काम थांबवायला सांगण्याचा अधिकार वरच्या गल्लीतल्या एकाला आणि खालच्या गल्लीतल्या एकाला दिला. खालच्या गल्लीतून ताईंचं नाव आलं. काकूंना न विचारता फोन करायचा, चूक झाली तर सगळ्यांनी मिळून निस्तरायची, असं ठरलं. ताईंनी पुढच्याच आठवड्यात काम थांबवलं. कारण झाडाचं नव्हतं. एका टप्प्यात जुना थर न खणताच खडी पसरली जात होती. जेई साहेब येऊन पातळी तपासून गेले आणि खडी उचलावी लागली.

सध्याची स्थिती

पुढच्या पावसाळ्यात खालच्या गल्लीत रस्त्यावर पाणी साचलं, घरांत शिरलं नाही. मात्र २०२३ सारखा पाऊस त्यानंतर या ले-आउटने अजून पाहिलेला नाही, तेव्हा नालीची खरी परीक्षा बाकी आहे असं निवृत्त काका प्रत्येकाला सांगतात, आणि ते बरोबर आहे. नोटिशीतली सात झाडं उभी आहेत. नोटिशीबाहेरच्या नऊपैकी आठ उभी आहेत. त्यातल्या एका शिरिषाचा शेंडा वाळू लागला आहे. मुळं दुखावल्याचं ते लक्षण असू शकतं, म्हणून त्याची नोंद दर महिन्याला होते.

भरपाईची सगळी झाडं ले-आउटमध्ये मावली नाहीत. जी मावली त्यांतली काही पहिल्याच उन्हाळ्यात गेली, कारण दोन घरांनी पाणी घालायचं कबूल करून घातलं नाही. एका दुकानदाराने पार्किंगसाठी बुंध्याभोवतीची मोकळी जागा गट्टू लावून बंद केली आहे. वकिलाचं म्हणणं आहे की त्याला नोटीस पाठवावी. ताई म्हणतात, पुरात त्याच दुकानदाराने गल्लीला उधारीवर धान्य दिलं होतं, आधी मी बोलून पाहते. महिना झाला, दोघांत हे ठरलेलं नाही. काकू या वादात पडलेल्या नाहीत. झाडांची वही आता ताईंच्या शिलाई मशीनच्या खणात असते, आणि ती नववीतली मुलगी बारावीचा अभ्यास सांभाळून महिन्याच्या पहिल्या रविवारी नोंदी करायला येते.